काटा पन्नासावर होता

माझी ताई गणिताची शिक्षिका आहे. पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडं तिची शाळा आहे आणि उस्मानपुऱ्यातून ती रोज स्वतः गाडी चालवत तिथं जाते. चाळिशी ओलांडल्यावर ती गाडी शिकली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोन दिवस शिकवून बघितलं आणि हात जोडले, कारण तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. क्लच सोडताना गाडी का थरथरते, उतारावर न्यूट्रल का करायची नाही, आरशातली गाडी आहे त्यापेक्षा लांब का दिसते. शेवटी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली आणि तिथल्या मास्तरांना प्रश्न विचारून विचारून शिकली.

तिचं गाडी चालवणं हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. रस्त्याकडेच्या ज्या पाट्या आपण कधी वाचत नाही, त्या ती वाचते. पैठण रस्ता आता रुंद झालाय, पण वाटेतली गावं जिथल्या तिथं आहेत आणि प्रत्येक गावाशी वेगमर्यादेची पाटी आहे. पन्नासाची पाटी दिसली की ताईचा काटा पन्नासावर येणार. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खाऊ दे, तिचा पाय हलायचा नाही. दाजी म्हणायचे, हिच्याबरोबर निघायचं तर डबा घेऊन निघावं.

ही हकिकत ज्या हिवाळ्यातली आहे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी नवी गाडी घेतली होती. मी एका खासगी ऑफिसात नोकरी करतो, यंत्रातलं मला विशेष काही कळत नाही. पण नव्या गाडीचं कौतुक असतं. डॅशबोर्डवर फोन लावून नकाशा सुरू ठेवायचा आणि बघत बसायचं. समृद्धी महामार्गानं वैजापूरकडं जाताना माझ्या लक्षात आलं, की गाडीचा काटा शंभर दाखवतो तेव्हा फोन चौऱ्याण्णव दाखवतो. काटा ऐंशीवर असला की फोन पंचाहत्तरच्या आसपास. आधी वाटलं नवी गाडी आणि काटा बिघडलेला, आपली फसवणूक झाली. मग शोरूममध्ये विचारलं, इंटरनेटवर वाचलं, आणि कळलं की ही बिघाडाची गोष्टच नाही. काटा मुद्दामच थोडा जास्त दाखवतो. गाडीचा खरा वेग काट्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. टायर नवाजुना असतो, हवा कमीजास्त होते, त्यामुळं काटा अगदी तंतोतंत ठेवला तर कधीतरी तो कमी दाखवायला लागेल. म्हणून कंपन्या आधीच थोडा वाव ठेवतात. चालवणाऱ्याला वाटतं आपण शंभरानं चाललोय, प्रत्यक्षात तो जरा सावकाशच असतो.

एका रविवारी ताईकडं जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. दाजी हसले. आयुष्यभर गाडी पळवली असं वाटत होतं, ते पण खरं नव्हतं म्हणाले. ताईनं मात्र विचारलं, की काट्याला वेग कळतो कशावरून. मी म्हटलं, चाकाचे फेरे मोजून. ती बरं म्हणाली आणि भाकरी वाढायला उठली.

डिसेंबरातल्या एका सकाळी ताईची छोटी गाडी गॅरेजला होती, म्हणून ती दाजींची गाडी घेऊन शाळेला निघाली. दाजी वाळूजला कंपनीत आहेत आणि सुट्टीच्या दिवशी वैजापूरकडच्या आपल्या शेतावर असतात. त्यांची गाडी उंच, दणकट, जुनी. पावसाळ्यात शेताच्या काळ्या मातीच्या रस्त्यात ती रुतायची, म्हणून पोळ्याच्या सुमारास त्यांनी तिला मोठे, खोल नक्षीचे टायर बसवून घेतले होते. ताईनं ती गाडी पूर्वी बऱ्याचदा चालवली होती, पण नव्या टायरवर पहिल्यांदाच.

गावाच्या पाटीशी तिनं वेग कमी केला. डाव्या हाताला मोसंबीची बाग आहे आणि बागेच्या कडेनं एक कच्ची वाट रस्त्याला येऊन मिळते. कुंपण दाट असल्यानं वाटेवरून येणारा शेवटपर्यंत दिसत नाही. तिथून एक शेतकरी दुधाच्या कॅन लावलेली मोपेड घेऊन सरळ रस्त्यावर आला. त्यानं उजवीकडं बघितलं नाही. ताईनं ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि बंपर मोपेडच्या मागच्या चाकाला लागला. माणूस फेकला गेला नाही, पण मोपेड त्याच्या पायावर पडली. रस्ताभर दूध झालं.

लोक जमले. ताई खाली उतरली तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर होतं. तिनं दोघांच्या मदतीनं त्या माणसाला मागच्या सीटवर आडवं केलं, आपली ओढणी त्याच्या पायाला बांधली आणि त्याच गाडीतनं त्याला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. वाटेत तो शुद्धीवर होता आणि सारखं दुधाचंच बोलत होता. दवाखान्यातून तिनं आधी दाजींना आणि मग मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा त्याला आत नेलेलं होतं. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून सळई घालावी लागणार होती. पन्नाशीचा माणूस, थोडी जमीन आणि दोन म्हशी. त्याचा धाकटा भाऊ बाहेर उभा होता. तो रागात होता आणि ते साहजिकच होतं. जमलेल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, की गाडी ऐंशी-नव्वदच्या स्पीडनं आली. आम्हांला बघून तो एवढंच म्हणाला, की आता जे काय व्हायचं ते ठाण्यात होईल.

दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार तरुण होते, बोलायला नीट. त्यांनी ताईचा जबाब घेतला. वेग किती होता असं विचारल्यावर ती म्हणाली, की गाडी पन्नासानं चालली होती, पाटी बघून तिनं कमी केली होती. त्या माणसाचा भाऊही तिथं आला होता, तो मध्येच म्हणाला, सगळेच असं म्हणतात. तेव्हा मला राहवलं नाही. मी फौजदारांना माझं ज्ञान सांगितलं. कुठल्याही गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळं काटा पन्नासावर असेल तर खरा वेग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच असणार. मी फोन काढून माझ्या गाडीचे आकडेसुद्धा सांगितले. फौजदारांना ते नवीन होतं. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मग ताईला विचारून तेही जबाबात घेतलं. 'वेग ताशी पन्नास किलोमीटर किंवा त्याहून कमी' असं वाक्य झालं. ताईनं सही केली.

बाहेर आल्यावर मला हलकं वाटत होतं. चूक त्या माणसाची होती, बहिणीचा वेग मर्यादेत होता, आणि आपल्या वाचनाचा उपयोग झाला. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. ताई मात्र सरळ पुढं चालत राहिली. तिच्या मनातून तो मोडलेला पाय जात नसणार, असं आम्हांला वाटलं.

तिच्या मनात काय चाललं होतं ते दोन दिवसांनी कळलं. संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो तर ती अंगणात गाडीशेजारी वाकून उभी होती आणि तिच्या हातात शिवणाची टेप होती. जिन्याखाली गाडीचे जुने टायर पडलेले होते, त्यातला एक तिनं ओढून बाहेर काढला होता.

"हा बघ," ती म्हणाली, "आणि हा बघ. मोठ्या चाकाचा एक फेरा म्हणजे जास्त अंतर. काटा फक्त फेरे मोजतो. टायर बदलले हे त्याला कोण सांगणार?"

मला तिथल्या तिथं कळलं. मी जे फौजदारांना सांगितलं होतं, ते कारखान्यातून आलेल्या टायरवर चालणाऱ्या गाडीबद्दल खरं होतं. या गाडीबद्दल ते खरं असेलच असं नव्हतं. चाक मोठं झालं की फेरे तेवढेच राहून गाडी पुढं जास्त जाते. काट्यात ठेवलेला वाव त्यात संपून जातो, आणि टायर पुरेसा मोठा असेल तर काटा उलट कमी दाखवायला लागतो. दाजी पायरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, असा कितीसा फरक पडणार. ताई म्हणाली, तेच बघायचंय.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या गाडीतनं निघालो. रस्ता मोकळा होता, थंडी होती, उसाचा एखादा ट्रॅक्टर सोडला तर कोणी नव्हतं. ताई चालवत होती, मी शेजारी फोन घेऊन, दाजी मागं. तिनं काटा पन्नासावर आणून धरला. फोनवर पंचावन्न दिसत होतं. मी म्हटलं, फोनचं काय, तोही इकडंतिकडं होतो. खरं तर समृद्धीवर याच फोनच्या भरवशावर मी कंपनीचा काटा खोटा ठरवला होता. ताईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, फोन ठेव, आपण दगड धरू.

तिची रीत साधी होती. साठच्या वेगानं एक किलोमीटर जायला एक मिनिट लागतं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेतच. गाव मागं पडल्यावर, मोकळ्या रस्त्यावर तिनं काटा साठावर नेला, एक दगड मागं पडला तसं तिनं 'हं' म्हटलं, मी घड्याळ सुरू केलं. पुढच्या दगडाला पुन्हा 'हं'. मिनिट भरायच्या आधीच दगड आला होता, चांगली चार-पाच सेकंद आधी. मी म्हटलं, माझा अंगठा उशिरा पडला असेल. मग पुढचा किलोमीटर, त्याच्या पुढचा. एखादा दगड चुकीच्या जागी रोवलेला असेल म्हणून परत फिरून उलट्या बाजूनं. दाजींनी आपलं मनगटी घड्याळ काढून वेगळं मोजलं. दर वेळी तेच. काटा साठ म्हणत होता आणि गाडी पासष्टनं चालली होती.

मला ते तिचं मोजणं आजही डोळ्यांसमोर दिसतं. उत्तर तिच्या विरुद्ध जात होतं, आणि प्रत्येक फेरीला ती ते जास्त पक्कं करत होती. आमच्यासारख्यानं पहिल्याच दगडाला, जाऊ दे, फोन आणि अंगठा दोन्ही चुकले, असं म्हणून गाडी घराकडं वळवली असती.

तिनं एका बाभळीखाली गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी मी पंचावन्नच्या आसपास होते," ती म्हणाली. "पाटी पन्नासाची होती."

दाजी म्हणाले, पाच किलोमीटरनं काय आभाळ कोसळलं? तो माणूस न बघता आला. पन्नासाला लागलं असतं तसंच पंचावन्नाला लागलं.

"लागलं नसतं असं मी म्हणत नाही," ताई म्हणाली. "ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. पण मी सही करून जे लिहून दिलंय ते खरं नाही, हे आता माहीत आहे."

पुढचे दोन दिवस घरात याच गोष्टीवर बोलणं चाललं. दाजींचे चुलतभाऊ वैजापूरला वकिली करतात. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की वहिनी, हे करू नका. आत्ता कागद तुमच्या बाजूनं आहेत. मर्यादेपेक्षा जास्त वेग होता असं तुम्हीच म्हणालात, तर निष्काळजीपणा आपणहून कबूल केल्यासारखं होईल. शाळेत नोकरी आहे, वर संस्था आहे, गुन्हा शाबीत झाला तर काय करणार? मीही समजावलं. मी म्हटलं, ताई, काटा पन्नासावर होता हे तर खरंच आहे ना, त्यात खोटं काय?

ती म्हणाली, तिला काट्याचा नाही, गाडीचा वेग विचारला होता. आणि 'त्याहून कमी' हे शब्दही त्या कागदावर आहेत. एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. ते शब्द कुणाचे होते हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर मी विरोध केला नाही.

दाजींचं मला फार कौतुक वाटतं ते इथं. त्यांनी वाद घालणं सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर येऊन ते म्हणाले, की टायर मी बसवले होते, तेव्हा ठाण्यात मीही येतो. गाडी त्यांच्या नावावर होती. तोवर हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

पण ताई आधी ठाण्यात गेली नाही. ती दवाखान्यात गेली. तिचं म्हणणं असं, की ज्याचा पाय मोडला त्याला ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. मी बरोबर होतो. त्या शेतकऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, पाय उशीवर उंच ठेवलेला होता. ताई अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तिथं जात होती, त्यामुळं तो तिला ओळखत होता. भाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. ठाण्यातल्या त्या दुपारनंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

ताई स्टुलावर बसली आणि तिनं जसं झालं तसं सांगितलं. टायर मोठे, काटा कमी दाखवतो, मी पन्नास सांगितलं ते पंचावन्न होतं, उद्या ठाण्यात जाऊन तसं लिहून देणार आहे. वर्गात सांगावं तसं एकेक करून.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, माझ्या मोपेडचा काटा तर चार वर्सांपासनं बंदच हाय. म्या किती जोरात आलो ते म्याच सांगू शकत नाय. अन् म्या बघितलं बी नव्हतं. म्हशीचं दूध डेअरीला उशिरा चाललं व्हतं, त्याच घाईत व्हतो."

ताई म्हणाली, "भाऊ, तुमचं तुम्ही सांगा. मी माझं सांगते."

त्याचा भाऊ तोवर खिडकीतून बाहेर बघत होता. आम्ही निघालो तेव्हा तो जिन्यापर्यंत आमच्याबरोबर आला. त्यानं ताईला विचारलं, की हे सांगायला तुम्हांला कुणी भाग पाडलं का. ती नाही म्हणाली. मग तो खाली आला आणि रिक्षा थांबवून देऊन मगच वर गेला. आमची गाडी कोपऱ्यावरच उभी होती, हे त्याला सांगायचं आम्हांला सुचलं नाही. आम्ही त्या रिक्षात बसून पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि चालत परत आलो. ताई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

ठाण्यात तेच फौजदार होते. आम्हां तिघांना बघून त्यांना वाटलं, समोरच्या पार्टीनं काही त्रास दिला. ताईनं सांगायला सुरुवात केल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. मध्येच त्यांनी एका जमादारांनाही ऐकायला बोलावलं. मग विचारलं, वकिलांनी सांगितलंय का असं करायला? दाजी म्हणाले, वकिलांनी नको सांगितलंय.

"मग मॅडम, जबाब कशासाठी बदलताय?"

"माझी माहिती बदलली," ताई म्हणाली. "म्हणून जबाब बदलायला आले."

फौजदारांनी पुरवणी जबाब लिहून घेतला. दाजींचाही घेतला. माझाही घेतला, कारण आधीच्या वाक्यात माझा हात होता. गाडीची तपासणी झाली, मोटार वाहन निरीक्षकांनी टायर मोजले, ते कंपनीनं दिलेल्या मापाचे नाहीत असा शेरा दिला. निघताना फौजदार दारापर्यंत आले. त्यांनी दाजींना सांगितलं, की ते टायर आधी उतरवा. दाजींनी तपासणी संपली त्याच संध्याकाळी जुने टायर परत चढवले. नवे त्यांनी शेतावरच्या ट्रेलरला लावायचं बघितलं, तिथंही माप बसलं नाही.

नंतरचे महिने सोपे गेले नाहीत. ताईनं मुख्याध्यापिकांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या माणूस म्हणून चांगल्या, पण घाबरल्या. संस्थेनं लेखी खुलासा मागितला. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एका जुन्या सहकाऱ्यानं तिला तोंडावर सांगितलं, की गणितवाल्या बाई आहात, व्यवहाराच्या नाहीत. ती घरी येऊन हे आम्हांला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा उतरलेला असायचा. ती दगडाची नव्हती. एकदा तिनं मला विचारलं, की मी आततायीपणा तर केला नाही ना? मी नाही म्हणालो. तिला ते पुरेसं वाटलं का, मला माहीत नाही. गाडी चालवणं मात्र तिनं सोडलं नाही. सुरुवातीला काही दिवस त्या वाटेपाशी आली की ती पार तिसावर यायची आणि तिचा हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचा. मी शेजारी असलो की मला ते दिसायचं.

तो शेतकरी उन्हाळ्यापर्यंत कुबडीवर होता, मग काठीवर आला. त्याच्या भरपाईचा दावा विमा कंपनीवर होता आणि कंपनीच्या वकिलांचं म्हणणं होतं, की चूक सगळी त्याचीच. वैजापूरच्या वकिलांनी, म्हणजे ताईच्या भावोजींनी, मला समजावून सांगितलं, की ताईचा पहिला जबाब तसाच राहिला असता तर त्यांचं म्हणणं टिकलं असतं. पुरवणी जबाबामुळं टिकलं नाही. चूक दोघांची, असं ठरलं आणि त्या हिशेबानं त्याला भरपाई मिळाली. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मला ते खरं वाटतं. तिनं दगड मोजले तेव्हा कुणाला काय मिळेल याचा विचार केला असता, तर तिनं ते मोजलेच नसते, किंवा वेगळ्या रीतीनं मोजले असते.

ताईची केस मात्र त्याआधीच निकाली निघाली होती. ती तारीख शाळेच्या दिवशी आली. वैजापूरचे भावोजी आपली कामं सोडून आले होते. ज्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, तेच काळा कोट घालून तिच्या शेजारी उभे राहिले. तो शेतकरीही आला होता, काठी टेकत, भावाबरोबर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ताईला विचारलं गेलं, गुन्हा कबूल आहे का, आणि ती कबूल आहे म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता पण शब्द स्पष्ट होते. न्यायाधीशांनी दोन्ही जबाब वाचले. पहिल्यानंतर दुसरा का दिला, असं त्यांनी विचारलं. भावोजी बोलायला पुढं झाले, तर न्यायाधीशांनी हातानं त्यांना थांबवलं आणि ताईलाच सांगायला लावलं. तिनं टायर, फेरे, दगड असं सगळं सांगितलं. कोर्टात त्या वेळी दुसऱ्या तारखांना आलेले पुष्कळ लोक होते, तेही ऐकायला लागले. न्यायाधीशांनी एकदा विचारलं, की दगडांमधलं अंतर बरोबर असेल कशावरून. ती म्हणाली, म्हणूनच जाऊन-येऊन मोजलं. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. ती मागच्या बाकावर बसली. दाजी तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. तो शेतकरी समोरच्या बाकावर येऊन बसला आणि पाय लांब करून तोही थांबून राहिला. भावोजी मध्येच आत आले, आम्हांला बघून परत गेले. नंतर जिन्यात मला म्हणाले, जबाब फिरवणारे मी रोज बघतो, पण सगळे आपल्या फायद्याकडं फिरवतात.

त्या दिवशी कोर्ट लवकर उठलं. मला वाटलं आता घरी जाऊ, ताई दमली असेल, आईला फोन करू. ताईनं घड्याळात बघितलं आणि विचारलं, की मी तिला शाळेत सोडीन का. नववीचा शेवटचा तास तिचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चाचणी होती. दाजी म्हणाले, आजचा दिवस राहू दे. ती म्हणाली, पोरांचा एक धडा अर्धा राहिलाय.

मी तिला माझ्या गाडीतनं नेलं. वाटेत ती बाटलीतलं पाणी प्याली, केस नीट केले, पदराची पिन सरळ केली. शाळेच्या फाटकात उतरून ती नेहमीसारखी भराभर चालत गेली. मी लगेच निघालो नाही, लिंबाखाली गाडी लावून बसलो. थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या वर्गातनं पोरं एकदम उभी राहिल्याचा, बाकं सरकल्याचा आवाज आला, मग सगळं शांत झालं, आणि तिचा फळ्यावर लिहिता लिहिता बोलतानाचा आवाज ऐकू यायला लागला.